थोरली घाबरते, धाकटा बेधडक चढतो: यात जन्मक्रमाचा वाटा किती?

ताई, तुमचा प्रश्न मी समजले तो असा. थोरली मुलगी बारा वर्षांची, धाकटा मुलगा आठ वर्षांचा, दोघंही एकाच वर्गात मल्लखांबाला जातात. थोरली चार वर्षं करतेय, पण वरून डिसमाउंट, म्हणजे हात सोडून उडी घेत उतरणं, घ्यायचा म्हटलं की तिचे हात खांबावरून सुटत नाहीत. धाकट्याला येऊन जेमतेम वर्ष झालंय आणि सरांनी नाव घ्यायच्या आत तो वर चढलेला असतो. थोरली मुलं जपून वागतात आणि धाकटी धोका पत्करतात, असं तुमच्या मिस्टरांनी कुठेतरी वाचलंय. ते जन्मक्रमानेच ठरतं, त्याला आपण काही करू शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून तुम्ही विचारताय की थोरलीला या खेळातून काढावं का, धाकट्याला आवरावं का, आणि पुढच्या स्पर्धेला दोघांची नावं द्यावीत का.

मी बरीच वर्षं मल्लखांब शिकवते आहे. आमच्याकडे भावंडांच्या जोड्या नेहमीच असतात, कारण एकाला सोडायला आलेली आई दुसऱ्यालाही घेऊन येते आणि वर्षभरात तोही लंगोट किंवा शॉर्ट घालून रांगेत उभा राहतो. माझं मत आधीच सांगते. तुमच्या घरात दिसणारा फरक खरा आहे, तुमचा भास नाही. पण तो जन्मक्रमाने रक्तात घातलेला नाही. धाकट्याने गेली काही वर्षं काय पाहिलं आणि थोरलीने काय ऐकलं, यातून तो बराचसा घडलाय. आणि मला काळजी वाटते ती तुमच्या मुलीची कमी, मुलाची जास्त.

हे मी तुमच्या मुलांना न बघता लिहितेय, हे लक्षात ठेवा. मुलगी मागे कधी जोरात पडली आहे का, सर आधार कसा देतात, खाली गादी कोणती आहे, वर्गात एका खांबामागे किती मुलं आहेत, या गोष्टींवर बरंच अवलंबून आहे. यातलं काही वेगळं असेल तर माझं उत्तरही थोडं बदलेल.

आधी तुमच्या मिस्टरांनी वाचलेल्या गोष्टीबद्दल. ती हवेतली नाही. जन्मक्रमाचा स्वभावाशी संबंध जोडायची कल्पना व्हिएन्नाच्या आल्फ्रेड अॅडलर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुजवली. खेळाच्या बाबतीत सगळ्यात गाजलेला अभ्यास २०१० सालचा, फ्रँक सलोवे आणि रिचर्ड झ्वाइगनहाफ्ट या दोन अमेरिकन संशोधकांचा. त्यांनी आधीचे २४ अभ्यास एकत्र केले. त्यात आठ हजारांवर लोक होते आणि धोक्याच्या खेळांत उतरण्याची शक्यता थोरल्यांपेक्षा धाकट्यांमध्ये सुमारे दीडपट निघाली. मग त्यांनी अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये खेळलेले सुमारे सातशे सख्खे भाऊ घेतले आणि कोण किती वेळा बेस चोरायला धावतो ते पाहिलं. बेस चोरणं म्हणजे फलंदाजाने चेंडू मारायची वाट न बघता, चेंडू टाकला जात असतानाच धावपटूने पुढचा बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पुढचा थांबा, गाठायला पळणं. सापडला तर बाद. धाकटा भाऊ असा प्रयत्न करण्याची शक्यता दहापटीहून जास्त, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि तोच आकडा जगभर छापून आला.

त्या आकड्यावर बेसबॉलची आकडेवारी कोळून प्यायलेल्या लोकांनी लगेच बोट ठेवलं. तो हिशोबाच्या पद्धतीवर फार अवलंबून आहे, आणि धाकटे दहापट चोऱ्या करतात असा त्याचा अर्थ मुळीच होत नाही. पण त्याहून महत्त्वाचं पुढे घडलं. २०१५ साली जर्मन संशोधकांनी अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनी इथल्या वीस हजारांहून जास्त लोकांची माहिती तपासली. मोकळेपणा, शिस्त, मनाची स्थिरता अशा स्वभावाच्या मुख्य बाजूंवर जन्मक्रमाचा परिणाम त्यांना सापडला नाही. २०१९ साली नेमका धोका पत्करण्याचाच प्रश्न घेऊन आणखी एक अभ्यास झाला. त्यात जर्मनीतलं कुटुंबांचं मोठं सर्वेक्षण होतं, प्रत्यक्ष निवड करायला लावणारे प्रयोग होते आणि इतिहासातले धाडसी प्रवासी आणि क्रांतिकारकही होते. मोठेपणी माणूस किती धोका पत्करतो याचा तो कितव्या नंबरचा आहे याच्याशी संबंध दिसला नाही.

मग जुन्या अभ्यासांत धाकटे पुढे का दिसले? एक कारण समजायला सोपं आहे. पाचवं मूल फक्त पाच किंवा जास्त मुलांच्या घरातच असतं. पहिलं मूल मात्र लहान-मोठ्या कुठल्याही घरातून येतं. त्यामुळे वेगवेगळ्या घरांतली थोरली एका बाजूला आणि धाकटी दुसऱ्या बाजूला ठेवली की आपण नकळत छोटी कुटुंबं आणि मोठी कुटुंबं यांची तुलना करत बसतो. पैसा, अंगण, राहणीमान, आईबापांचं वय सगळंच त्यात मिसळतं. खरी तुलना करायची तर एकाच घरातल्या भावंडांची करायला हवी, आणि तीही एकाच वयाला.

हा ‘एकाच वयाला’ भाग तुमच्या घरी आजच तपासता येईल. तुम्ही बारा वर्षांची मुलगी आठ वर्षांच्या मुलासमोर उभी करताय. ती आठ वर्षांची असताना कशी होती? बहुतेक पालकांच्या फोनमध्ये जुने व्हिडिओ असतात. पहिल्या गॅदरिंगचे, पहिल्या उन्हाळी शिबिराचे काढा आणि शांतपणे बघा. अनेक आयांना मी हे करायला सांगते आणि बऱ्याचदा त्या चकित होऊन येतात, कारण आठव्या वर्षी थोरलीही तशीच तुरुतुरु चढत असते. बाराव्या वर्षी भीती येणं हे खूप मुलामुलींत घडतं. या वयात पडणं म्हणजे काय हे कळायला लागलेलं असतं. कोण बघतंय, कोण हसेल, हेही कळतं. आठ वर्षांच्या मुलाला उंची दिसते, पण पडलो तर हात मोडून शाळा बुडेल हा पुढचा विचार त्याच्या डोक्यात अजून तितका पक्का झालेला नसतो.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी सर कदाचित बोलणार नाहीत, म्हणून मी बोलते. अकरा ते तेरा या वयात उंची झपाट्याने वाढते. हातपाय लांब होतात, कमरेचं वजन बदलतं आणि तोल नव्याने शिकावा लागतो. गेल्या वर्षी जी अढी, म्हणजे पायांनी खांबाला घातलेली पकड, डोळे मिटून बसत होती ती आता मांडीत नीट आवळली जात नाही, घसरल्यासारखी वाटते. तिला वाटतं आपण बिघडलो. खरं तर शरीर नवं आहे आणि पकड जुन्या शरीराची आहे. पाळी सुरू झाली असेल किंवा व्हायच्या बेतात असेल तर कपड्यांची, डागाची, उलटं लटकल्यावर टी-शर्ट वर जाण्याची काळजी मनात असते आणि ती मुलगी ‘मला भीती वाटते’ एवढंच सांगते. तुम्ही आई आहात, हे तुम्हीच तिला एकटीला विचारू शकता. नीट बसणारा, आत टाइट्स असलेला पोशाख मिळाल्यावर ज्यांची ‘भीती’ आठवड्यात गेली अशा मुली माझ्या वर्गात आहेत.

आता जन्मक्रम खरोखर कुठे काम करतो ते सांगते, कारण तो कुठेच काम करत नाही असं मी म्हणणार नाही.

धाकट्या मुलाच्या डोळ्यांसमोर एक पुरावा रोज वावरत असतो. आपल्याच घरातली, आपल्याच ताटात जेवणारी ताई त्या खांबावर जाते आणि धड खाली येते. टीव्हीवरचा खेळाडू हा पुरावा देऊ शकत नाही, कारण तो परका आणि मोठा असतो. ताई करते म्हणजे आमच्या घरातल्या अंगाला हे जमतं, इतकं त्याला न शिकवता कळतं. थोरलीला असा पुरावा मिळालेला नसतो. ती पहिल्या दिवशी गेली तेव्हा घरातलं कुणीच त्या खांबाला शिवलेलं नव्हतं. भाऊ आणि बहीण समोरासमोर उभे करून आपण धाडस मोजतो, तेव्हा हा फरक कुणी हिशोबात धरत नाही. अव्वल दर्जाच्या खेळाडूंमध्ये धाकटी भावंडं जास्त असतात असं ऑस्ट्रेलिया आणि कॅनडातल्या खेळाडूंच्या अभ्यासात दिसलं आहे. त्याचं कारण मला तरी वेगळ्या रक्तात शोधावंसं वाटत नाही. घरातच रोज खेळायला आपल्यापेक्षा थोडं वरचढ माणूस मिळणं ही फार मोठी शिदोरी असते.

पण याच पुराव्यात धाकट्याचा धोका लपलेला आहे. त्याने ताईचं तयार झालेलं चढणं पाहिलंय, त्यामागची दोन वर्षं पाहिलेली नाहीत. तेव्हा तो बालवाडीत होता, किंवा कडेला बसून बिस्किटं खात होता. गादीवरच्या कोलांट्या, बुटक्या खांबावरची तालीम, सरांच्या हाताच्या आधाराने घेतलेल्या शंभर उड्या, हे सगळं त्याच्या लेखी झालेलंच नाही.

एक प्रसंग सांगते. भावाबहिणीची अशीच एक जोडी होती, वयं साधारण तुमच्या मुलांचीच. मी दुसऱ्या खांबाला एरंडेल लावत होते, मुलं सूर्यनमस्कार घालत होती. मागे वळून बघते तर धाकटा पुरलेल्या खांबावर चढून थेट बोंडावर, म्हणजे खांबाच्या टोकावरच्या गोळ्यावर, बसलेला. साडेआठ-नऊ फूट उंची, खाली गादी अजून सरकवलेली नव्हती. चढताना त्याची पकड सुंदर होती, हुबेहूब बहिणीची. वर बसून त्याने हातही पसरले. आणि मग त्याचा चेहरा बदलला, कारण खाली कसं यायचं ते त्याला येत नव्हतं. बहीण चढायची तेव्हा तो टक लावून बघायचा. ती उतरेपर्यंत त्याचं लक्ष उडालेलं असायचं. मी खाली जाऊन उभी राहिले, हात वर केले, दोन मोठ्या मुलांना गादी ओढायला लावली. पण त्याला माझं ऐकू येईना, घाबरलं मूल मोठ्यांचा आवाज बंद करून टाकतं. मी बहिणीला पुढे बोलावलं आणि म्हटलं, तू सांग. ती एका दमात म्हणाली, “खाली बघू नकोस, माझ्याकडे बघ. दोन्ही हातांनी मान धर. मान, बोंड नाही. आता पोट खांबाला लाव. डावा पाय सोड.” मल्लखांबाच्या बोंडाखालचा जो निमुळता भाग, त्याला आम्ही मान म्हणतो. तो मानेला धरून, पोट घासत, एकेक वीत खाली आला. मांड्या लाल झाल्या होत्या, बाकी काही नाही.

वर्गातली सगळ्यात घाबरट म्हणून ओळखली जाणारी ती मुलगी त्या खांबाचा इंच न् इंच ओळखून होती. जिला भीती वाटते तिने प्रत्येक पायरीकडे लक्ष दिलेलं असतं. मुलीच्या भीतीबद्दल मला तुमच्याइतकी काळजी वाटत नाही ती त्यामुळेच.

थोरल्या भावंडाचं धाकट्याने ऐकणं याचाही अभ्यास झालेला आहे. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ बार्बरा मोरोंगिएलो यांनी मुलांच्या अपघातांवर पुष्कळ काम केलं आहे. त्यांच्या १९९७ च्या एका अभ्यासात थोरल्या भावंडांना धाकट्यांचं मन वळवायला सांगितलं होतं, कधी जास्त धोक्याच्या वाटेकडे, कधी कमी धोक्याच्या. दोन्ही बाजूंनी मन वळवणं त्यांना जमलं, आणि ज्यांचं आपसांत चांगलं पटतं तिथे ते जास्त जमलं. घरातल्या सुरक्षिततेची एक किल्ली तुमच्या मुलीच्या हातात आहे असा मी त्याचा अर्थ लावते. ती त्याला चिडवून वर चढवूही शकते आणि एका शब्दात खालीही आणू शकते.

आता थोरलीने काय ऐकलं त्याकडे येते. पालक पहिल्या मुलाबरोबर पालक व्हायला शिकत असतात. पहिलं मूल घसरगुंडीवर चढलं की आईबाप दोघंही खाली हात पसरून उभे, “हळू, सांभाळून, पडशील.” दुसऱ्याच्या वेळेपर्यंत त्यांना कळलेलं असतं की मुलं पडतात आणि उठतात. शिवाय दुसऱ्यावर इतका वेळ पहारा ठेवायला कुणी मोकळंही नसतं. मग भाऊ झाल्यावर तिच्या वाट्याला दुसरं वाक्य येतं, “तू मोठी ना? त्याच्याकडे लक्ष ठेव.” दहा वर्षं रोज हे ऐकलेल्या मुलीने खांबावर हात सोडायच्या आधी थांबून विचार केला तर त्यात तिचा काय दोष? ती तुम्ही शिकवलेलंच करतेय. यात तुम्हाला बोल लावायचा नाही, सगळ्याच घरांत हे होतं. फक्त याला ‘थोरल्यांचा स्वभाव’ म्हणू नका, कारण स्वभाव म्हटलं की आपण बदलायचा प्रयत्न सोडतो, जे तुमच्या मिस्टरांचं झालंय.

भावंडांमधलं वयाचं अंतरही बघायला हवं. दीड-दोन वर्षांचं अंतर असलेली भावंडं एकमेकांशी स्पर्धा करतात. तिथे धाकटा धाडस दाखवतो ते बरोबरी साधायला. सात-आठ वर्षांचं अंतर असेल तर थोरला जवळजवळ काकाच होतो. सचिन तेंडुलकर चार भावंडांत धाकटे, त्यांना रमाकांत आचरेकर सरांकडे घेऊन गेले ते बरेच मोठे असलेले अजित. तिथे स्पर्धेचा प्रश्नच नव्हता. तुमच्याकडे चार वर्षं आहेत, म्हणजे मधलं अंतर. त्याला तिच्यासारखं व्हायचंय, पण तिला अजून तो आपल्या पुढे जाईल याची धास्ती वाटू शकते. एकाच वर्गात, एकाच रांगेत असल्यामुळे ती जास्त वाटते.

आणि नावाजलेल्या भावंडांची उदाहरणं कुणी दिली तर त्यांवर फार विसंबू नका, ती दोन्हीकडून देता येतात. हेलसिंकीच्या ऑलिंपिकला १९५२ मध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव पाच भावांत धाकटे. पण क्रिकेटमधल्या पठाण बंधूंमध्ये पहिल्या चेंडूपासून षटकार मारायला जाणारा युसूफ हा थोरला. मला स्वतःला इंग्रजांच्या काळातल्या पळवणकर बंधूंचं, दलित घरातल्या क्रिकेटपटू भावांचं, उदाहरण जास्त शिकवून जातं. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबमध्ये मैदानाची कामं करणारे बाळू पळवणकर भावांत थोरले. चहाच्या वेळी वेगळ्या पेल्यात चहा देणाऱ्या काळात ते सवर्णांच्या संघात उतरले, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले, आणि हिंदू संघाचं कर्णधारपद मात्र त्यांना नाकारलं गेलं. ते १९२३ मध्ये धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. धोका कुणी पत्करला? जिथे घरातलं आधी कुणी गेलेलं नाही तिथे पहिलं पाऊल टाकणं हा थोरल्याचा धोका असतो आणि तो कुठल्याच तक्त्यात मोजला जात नाही. तुमची मुलगी आठव्या वर्षी अनोळखी मैदानात एकटी गेली होती. धाकटा गेला तो ताईचा हात धरून.

खेळ कोणता यावरही धाडसाचं रूप बदलतं. कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीला गुण आणावाच लागतो, मग चढाई करणारा स्वभावाने कसाही असो. मल्लखांबात समोर कुणी नसतं, घड्याळ सोडलं तर कुणी ढकलत नाही. हात सोडायचा क्षण ज्याचा त्याने ठरवायचा असतो. त्यामुळे इथे घरातलं बोलणं फार खोल जातं.

मग करायचं काय?

मुलीपासून सुरू करते. आधी ती नेमकी कशाला घाबरते ते शोधा. सरांना विनंती करा की तोच डिसमाउंट कमी उंचीवरून, बुटक्या खांबावरून किंवा बॉक्सवरून गादीवर घेऊन बघा. तिथे सहज जमला तर प्रश्न उंचीचा आहे आणि उंची वीतभर वाढवत नेता येते. कमी उंचीवरही अडत असेल तर तिला मधली कुठली तरी पायरी कळलेली नाही, ती पुन्हा शिकवावी लागेल. भाऊ नसलेल्या दिवशी जमतं का, हेही बघा. तसं असेल तर उत्तर खांबावर नाही, रांगेत आहे. दोघांच्या वेळा वेगळ्या करा. ते शक्य नसेल तर निदान तिच्या पाठोपाठ लगेच त्याचा नंबर नको आणि तो करत असताना तिने बघत उभं राहायला नको. आधी पडलेली असेल आणि त्यानंतरच भीती आली असेल तर पडलेल्या त्या एका हालचालीपासून सुरुवात करायची, आणि जोवर ती स्वतः ‘हात काढा’ म्हणत नाही तोवर सरांनी आधाराचा हात काढायचा नाही. उलटं लटकल्यावर चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी असं काही सांगत असेल तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा.

घरात एक वाक्य आजपासून बंद करा: “बघ, तो लहान असून करतो.” या वाक्याने कुणी शूर झालेलं मी पाहिलेलं नाही. याने थोरली आणखी आवळून धरते, आणि धाकट्याला कळतं की आपलं घरातलं मोल उड्या मारण्यात आहे. मग तो जास्तच उंच जातो. दोघांचं नुकसान एका वाक्यात होतं.

तिला जबाबदारी द्यायला हरकत नाही, पण भावाची नको. नवीन आलेल्या लहान मुलामुलींना साधी अढी शिकवायला सरांनी तिला मदतीला घेतलं तर फार फायदा होतो. दुसऱ्याचा पाय कुठे चुकतोय हे सांगताना तिला स्वतःचं ज्ञान दिसतं. भावालाच शिकवायला लावलं तर ती पुन्हा घरातल्या ‘लक्ष ठेव’वर जाते. माझ्या त्या प्रसंगात मी बहिणीला पुढे केलं ते अडचणीत सापडलेल्या मुलासाठी. ती रोजची व्यवस्था नव्हे.

आता मुलगा. त्याचं धाडस मोडू नका, ते दुर्मीळ असतं आणि पुढे फार उपयोगी पडतं. पण त्याला एक कडक नियम हवा, आणि तो सर आणि तुम्ही दोघांनी एकच ठेवायला हवा: जे उतरता येत नाही ते चढायचं नाही. माझ्या वर्गात नवीन काही करायच्या आधी मूल मला सांगतं की मध्येच चुकलं तर कुठली पकड घेणार आणि कुठल्या बाजूला उतरणार. सांगता आलं नाही तर त्या दिवशी ते करायचं नाही. बेधडक मुलांना हे पहिल्यांदा जाच वाटतं. काही आठवड्यांत तीच मुलं एकमेकांना विचारायला लागतात. सरांना हेही विचारा की शिक्षक मैदानावर येण्याआधी मुलांना खांबाला हात लावू देतात का. उत्तर ‘नाही’ असंच असायला हवं. आणि घरी खिडकीचे गज, दाराची चौकट, गच्चीवरचा पाइप यांवर त्याची तालीम चालू असेल तर ती लगेच बंद. तिथे गादी नसते आणि आधाराला कुणी नसतं.

धाडस आणि बेफिकिरी यांतला फरक मी एकाच गोष्टीवरून ओळखते: ‘थांब’ म्हटल्यावर मूल थांबतं का. थांबत असेल तर त्याला जितकं पुढे जायचंय तितकं नेता येतं. थांबत नसेल तर महिनाभर त्याला नवीन काहीही न शिकवता जुन्याची सफाई करून घ्यायला सरांना सांगा. दुखलेलं लपवणं, खरचटलेलं झाकणं हेही बघत राहा, धाकटी मुलं ‘मला घेणार नाहीत’ या भीतीने दुखणं फार लपवतात.

मुलीला खेळातून काढायचं का, याचं माझं उत्तर आत्ता तरी नाही असं आहे. चार वर्षं ती घाबरत-घाबरत का होईना जातेय, म्हणजे तिला तिथे काहीतरी आवडतंय. तिने स्वतः, एखाद्या वाईट दिवशी नव्हे तर चांगल्या दिवशी, पुन्हा पुन्हा सांगितलं की मला नको, तर ऐका. सकाळी पोटात दुखणं, आदल्या रात्री झोप न लागणं असं होत असेल तर तेही ऐकण्यासारखं आहे. त्याआधी दोरीचा मल्लखांब देऊन बघा. दोरीवर काही मुली इतक्या मोकळ्या होतात की खांबावर अडलेली हीच का, असा प्रश्न पडतो. तिथे पायाच्या अंगठ्याची पकड मदतीला असते, आणि उंचीची भीतीही काहींना दोरीवर वेगळी वाटते. हे मात्र मुलीगणिक बदलतं.

स्पर्धेला दोघांची नावं द्या. वयोगट वेगळे आहेत, त्यामुळे समोरासमोर यायचा प्रश्न नाही. मुलाच्या संचात, म्हणजे स्पर्धेत सलग करून दाखवायच्या प्रकारांत, अवघड काय घालायचं ते सरांना ठरवू द्या, त्याला नाही. मुलीचा संच मात्र तिला निवडू द्या. मल्लखांबात अवघडपणाला गुण असतात तसे सफाईलाही असतात, आणि चार वर्षं पायरी न् पायरी घोटलेल्या मुलीची सफाई बहुतेक वेळा चांगलीच असते. डिसमाउंट तिला नको असेल तर साधं उतरून संच संपवता येईल का, त्यात किती गुण जातील, हे सरांकडून तिच्यासमोरच समजून घ्या आणि कागदावर लिहून तिच्या हातात द्या. तेवढे गुण सोडायचे की नाहीत हे तिने नाव द्यायच्या शेवटच्या तारखेपर्यंत ठरवावं, तुम्ही मध्ये विचारू नका.